मामंजींची कौलं

माझ्या सासऱ्यांनी घर सोडलं तेव्हा ते फार लांब गेले नाहीत. गल्ली ओलांडून समोर गेले. बरोबर एक खाट, एक घोंगडी, पाण्याचा तांब्या, छत्री, नोकरीतली शेरवानी आणि खुणा पाडलेली काठी एवढंच सामान होतं. ते सगळं मीच दोन खेपांत पोचवलं, कारण सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, माळवदावर उभ्या राहून हा प्रकार पाहत होत्या आणि खाली यायला तयार नव्हत्या. मामंजी गल्लीच्या मधोमध थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "ऐकलं का, मी निघालो."

"दिसतंय की," वरून उत्तर आलं. "जपून जावा. लई लांबचा पल्ला हाय."

मला कोणतीही गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे. घरात काय संपलं, काय आणायचं, कोणाला काय द्यायचं, सगळं माझ्या डोक्यात ओळीने मांडलेलं असतं. मामंजींच्या बाबतीत मात्र ओळ टिकत नाही. तेव्हा आधी माणूस सांगते, मग घर.

निजाम सरकारच्या महसूल खात्यात ते गिरदावर होते. घोड्यावर बसून गावोगाव फिरायचं, पिकं पाहायची, बांध पाहायचे, पाटलाची दप्तरं तपासायची, हे त्यांचं काम. नोकरी संपली, पण तपासणी संपली नाही. आता तालुका हातात नव्हता म्हणून ते घर तपासायचे. "मौका पाहिल्याशिवाय बोलू नये," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. मांजर दूध पिऊन गेलं तरी आधी मौक्याची, म्हणजे घडल्या जागेची, पाहणी व्हायची: शिंकं कुठं, मांजर कुठून आलं, भांड्यावर झाकण होतं की नव्हतं. पाहणी पूर्ण होईपर्यंत मांजर उरलेलं दूध पिऊन जायचं.

जेवताना कधी "मीठ कमी आहे" असं साधं बोलले नाहीत. "ह्या वरणात मिठाची नोंद सापडत नाही," असं म्हणायचे. एकदा त्यांनी ताटातली भाकरी काठीच्या खुणांवर मोजली आणि ती पूर्वेच्या बाजूला वाढली असल्याचं जाहीर केलं.

"मंग पूर्वेकडून खायला लागा," आत्याबाई म्हणाल्या.

आमचं गाव केज तालुक्यातलं, बाजाराला युसूफ वडगावला जाणारं. आमच्याकडे घराला छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळयांवर लाकडाच्या बारीक किलच्या, त्यावर पाला, त्यावर मातीचा जाड थर, आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी गावाबाहेरच्या टेकाडातून खणून आणायची. तिथं पूर्वी केव्हातरी वस्ती होती आणि ती मातीत गेली, असं म्हातारी माणसं सांगायची. त्या मातीतून पाणी उतरत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात गाव टेकाड खणतं, गाडवांवरून माती आणतं आणि माळवदावर पसरून धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकळ्यानं, चोपतं.

अशाच एका उन्हाळ्यात आमच्या वाट्याच्या मातीतून एक भाजलेला तुकडा निघाला. तळहातापेक्षा थोडा मोठा, एका अंगाने तुटलेला, वरच्या बाजूला पन्हळी आणि टोकाला दोन भोकं. गाडववाला तो चुलीचा तुकडा समजून फेकत होता. मामंजींनी त्याचा हात धरला. नोकरीत असताना हैदराबादेहून आलेल्या एका साहेबाला त्यांनी असंच एक टेकाड दाखवलं होतं आणि त्या साहेबाने असलाच तुकडा उचलून, हे जुन्या काळच्या घरांचं कौल आहे, असं सांगितलं होतं.

त्या दिवसापासून मामंजी माळवदाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

"आपले पूर्वज कौलाखाली राहायचे," ते जेवताना म्हणाले. "उतरत्या छपराची, लाल कौलांची घरं होती इथं. माळवद हे मागाहून आलेल्या आळशांचं काम."

"मंग कौलाखाली ऱ्हाणारे गेले कुठं?" आत्याबाईंनी विचारलं.

"काळाच्या ओघात गाव बसलं."

"गळून गळून बसलं आसंल."

मामंजींनी हे ऐकलं नाही. त्यांना न ऐकण्याची कला अवगत होती. "आणि आपण काय करतो? पूर्वजांची घरं खणतो, चाळतो आणि डोक्यावर थापतो," ते म्हणाले. ह्यात खोटं काही नव्हतं, हे मलाही कबूल करावं लागलं.

समोरची मोकळी जागा आमचीच होती. तिथं पूर्वजांच्या धर्तीचं घर बांधायचं त्यांनी ठरवलं. गावच्या कुंभाराला बोलावलं. तो रांजण, गाडगी, पणत्या करणारा माणूस. त्याने तो तुकडा हातात फिरवून फिरवून पाहिला.

"सायेब, हे भाकरीवानी दिसतंय."

"कौल आहे ते."

"आन् ही भोकं कावून?"

"खिळा ठोकायला. उतारावरून घसरू नये म्हणून."

"मंग उतार करताच कावून?" कुंभार म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. आमच्या गावात सपाट नसलेली गोष्ट म्हणजे देवळाचा कळस आणि कडब्याची गंजी.

पहिल्या भट्टीतली कौलं खरंच भाकरीसारखी फुगली. दुसरीतली वाकडी झाली. ती आत्याबाईंनी उचलली आणि गल्लीतल्या बायकांना वाटली. पुढे कितीतरी दिवस आमच्या गल्लीत ताकाच्या, लोणच्याच्या, दह्याच्या भांड्यांवर पूर्वजांच्या धर्तीची झाकणं होती. भोकांतून हवा खेळते, म्हणून बायका खूष होत्या. तिसऱ्या भट्टीपासून कौलं सरळ निघायला लागली, आणि मामंजी शेरवानी घालून त्यांची पाहणी करायला बसले. नोकरीतली ती काळी शेरवानी ते एरवी घालत नसत. कौलांसाठी घालायचे.

ह्या सगळ्यात एक मौका पाहायचा त्यांच्याकडून राहून गेला. घर ज्यांच्यासाठी बांधत होते, त्यांना काही विचारलं नव्हतं.

कोणासाठी, ते त्यांनी मला एकटीलाच सांगितलं होतं. लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात आत्याबाई भिजत वर चढायच्या आणि जिथं गळतंय तिथं माती चोपत बसायच्या. गुडघे दुखायला लागले तरी चढायच्या. "तुझ्या सासूला आता वर चढायला लागू नये," मामंजी म्हणाले होते. पण हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिला त्यांनी पूर्वज सांगितले.

आणि आत्याबाईंना तर वर चढायचंच होतं. माळवद हे त्यांचं राज्य होतं. कुरडया, सांडगे, मिरच्या, डाळी तिथं वाळायच्या. शेजारणींची माळवदं लागून होती, त्यामुळे गल्लीत पाय न ठेवता चार घरच्या बातम्या मिळायच्या. बाजाराहून कोण आलं, कोणाकडे पाहुणा उतरला, सगळं वरून दिसायचं. नव्या घराची वास्तुशांत झाली त्या दिवशी त्यांनी उंबऱ्यातूनच वर पाहिलं. आढ्यापासून वळचणीपर्यंत लाल लाल उतार होता.

"ह्याच्यावर पाय ठिवायचा कुठं?"

"पाय खाली ठेवायचे," मामंजी म्हणाले. "घर खाली राहायला असतं."

"खाली तुमी ऱ्हाता. आमी बाया वरच ऱ्हातो." त्या मागे वळल्या. "ज्याच्यावर मिरची वाळत न्हाई त्या घरात मी यायची न्हाई. आन् हे गळणार."

चार पाहुण्यांच्या देखत हे झालं. मामंजींचे कान लाल झाले. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि दौऱ्यावर हुकूम द्यायचे त्या आवाजात म्हणाले, "ह्या घरात पावसाचा एक थेंब जरी पडला, तर मी मरेपर्यंत माळवदाखाली राहीन."

"आन् न्हाई पडला तर माझी चूल घिऊन मी इथं येईन," आत्याबाई म्हणाल्या. "माझाबी शब्द."

मग त्या पाहुण्यांना जेवायला घेऊन जुन्या घरी आल्या आणि दुसऱ्या दिवशी मामंजी एकटेच समोर राहायला गेले. वर सांगितलं ते हेच.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. गावातले लोक नारायणगडाला जाऊन नवस बोलून आले. मामंजीही गेले, पण काय मागितलं ते सांगेनात. पारावर कोणीतरी म्हणालं, की लाल छप्पर पाहून ढग बिचकतात. कोणी जाता जाता विचारायचं, "सायेब, घराला पागोटं बांधलं व्हय?" मामंजी ओट्यावर बसून आभाळाकडे पाहायचे. समोरून आत्याबाई माळवदावर मिरच्या परतवत विचारायच्या, "हाय का काई?"

"येईल."

"येऊ द्या की. मी कुठं अडवलंय?"

ताट घेऊन मी दोन्ही वेळा गल्ली ओलांडायची. मामंजी जेवायचे आणि सांगायचे, "वरणात मिठाची नोंद आहे म्हणावं." हा निरोप मी पोचवायची. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंकडून वरणाबरोबर वांग्याचं भरीत यायचं. तरीही दोघांतलं कोणी गल्ली ओलांडेना. संध्याकाळी दिवे लागले की आत्याबाई काहीतरी काम काढून वर जायच्या आणि समोरचा दिवा लागला का ते पाहून खाली यायच्या. मला हे सगळं फार गैरसोयीचं होतं. दोन घरं झाडायची, दोन घरी पाणी भरायचं आणि दोघांनाही मी दुसऱ्याच्या बाजूची आहे असं वाटायचं.

पाऊस आला तो थेट हस्तात. दुपारची वेळ होती. मी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, ताट झाकून समोर गेले. दार ढकललं. मामंजी शेरवानी घालून खाटेवर बसले होते आणि डोक्यावर छत्री उघडलेली होती. चारी बाजूंनी पाणी गळत होतं.

"दार लावून घे," ते म्हणाले. "बाहेर पाऊस आहे."

मी दार लावलं. त्याने काही फरक पडला नाही. ताट त्यांच्या मांडीवर, छत्रीखाली ठेवलं आणि वर पाहिलं. एक गोष्ट नवल वाटण्यासारखी होती. पाणी कुठंही कसंही गळत नव्हतं. रांगेने गळत होतं. कौलांच्या प्रत्येक ओळीच्या सांध्यातून एकसारखी झालर लागली होती.

मामंजींनाही ते दिसलं. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, छत्री माझ्या हातात दिली, खाटेवर उभे राहिले आणि काठीच्या टोकाने एक कौल उचकून पाहिलं. मग त्याच्या खालचं. मग त्याच्याही खालचं. त्यांच्या बाहीतून पाणी आत शिरत होतं.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "ही चूक माझी आहे."

काय झालं होतं ते सांगते. कौलं बसवायच्या दिवशी गवंड्याने विचारलं होतं, की सुरुवात कुठून करायची. त्या गवंड्याने जन्मात उतरतं छप्पर केलं नव्हतं. मामंजी म्हणाले, पहिलं कौल आढ्यावर. हुकूम वरून खाली येतो: सुभेदार, तालुकदार, तहसीलदार, गिरदावर, पाटील. तसंच वरून खाली यायचं. त्याप्रमाणे आढ्यावर पहिली ओळ बसली, तिच्या कडेवर दुसरी, दुसरीच्या कडेवर तिसरी. खालचं प्रत्येक कौल वरच्याच्या अंगावर चढलेलं. आढ्यावर पडलेलं पाणी खाली आलं की पहिल्याच सांध्यात आत. सगळं गाव ते काम पाहायला उभं होतं आणि कोणालाही काही वावगं वाटलं नाही. माळवदाच्या गावात पाणी उतरतं कसं, ह्याचा विचार कोणी कधी केलेला नव्हता.

"पाटील तहसीलदाराच्या डोक्यावर बसलाय," मामंजी वर पाहत म्हणाले. "मग दुसरं काय होणार?"

त्यांनी खाटेवरची घोंगडी गुंडाळली. मी म्हटलं, पाऊस थांबू द्या. पण ते निघाले. भर पावसात गल्ली ओलांडली आणि जुन्या घराच्या दारात उभे राहिले. आत्याबाई घरात नव्हत्या. वरून धुमसाचा आवाज येत होता. उन्हाने तडकलेलं माळवद ठिकठिकाणी गळत होतं आणि त्या भिजत माती चोपत होत्या.

"थेंब पडला," मामंजींनी खालून सांगितलं.

धुमस थांबलं. "किती?"

"मोजले नाहीत."

आत्याबाईंनी कडेवरून खाली वाकून त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील. पण त्या म्हणाल्या, "आत जावा. तांदळाच्या कणगीपाशी बसा, तिथं गळत न्हाई."

दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याने आणि त्या कुंभाराने सगळी कौलं उतरवली आणि वळचणीपासून वर, उलट्या क्रमाने बसवली. मामंजी गल्लीत उभे राहून सूचना द्यायचे. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. पुढच्या पावसाळ्यात घर पक्कं ठरलं. आत्याबाईंनी स्वतः खात्री केली. रिकाम्या घरभर चाळलेली राख पसरली आणि दोन मोठे पाऊस जाऊ दिले. मग दिवा घेऊन कोपरान् कोपरा पाहिला. राखेवर एकही खड्डा नव्हता. होती ती एका उंदराची पावलं.

घरी येऊन त्यांनी चूल उचकटायला घेतली.

"हे काय?" मामंजींनी विचारलं.

"माझा शब्द व्हता. थेंब न्हाई पडला, मी चालले."

"मग मी?"

"तुमचाबी शब्द व्हताच की."

अशी आमच्या घराची वाटणी पुन्हा झाली, फक्त बाजू बदलल्या. आत्याबाई, माझा नवरा, मी आणि मुलं कौलाखाली. मामंजी माळवदाखाली एकटे. ते जेवायला आमच्याकडे यायचे. जेवण म्हणजे मुक्काम नव्हे, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला होता. हात धुतले की काठी उचलून निघायचे. सगळ्या गावात कौलारू घर बांधलेला एकच माणूस आणि त्या घरात न झोपणारा तोच.

हिवाळ्यात त्यांना खोकला धरला. जुन्या घरात आता चूल पेटत नव्हती, भिंती गार पडल्या होत्या. खोकला गल्ली ओलांडून आमच्यापर्यंत ऐकू यायचा आणि आत्याबाई अंथरुणात उठून बसायच्या. नवऱ्याने समजावलं, मी समजावलं. मामंजींचं एकच: "मी चार लोकांत बोललोय."

"मरेपर्यंत म्हनायची काय गरज व्हती ह्या मान्साला?" आत्याबाई मला म्हणाल्या. "दिवाळीपत्तुर म्हनले आसते तर जीभ झडली आसती का?" त्यांचा आवाज मात्र चढा नव्हता. "तिथंच एकटे मरतील गं. शब्द पाळायचा म्हनून."

त्यानंतर दोन दिवस त्या सारख्या वर पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी गवंड्याला आणि सुताराला बोलावलं. मधल्या खोलीत, कौलांच्या खाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया टाकून घेतल्या. तुळयांवर किलच्या, त्यावर पाला, त्यावर माती. मग टेकाडावरून पांढरी आणवली आणि गल्लीतल्या बायका घेऊन स्वतः वर चढल्या. कौलाला डोकं लागत होतं, म्हणून वाकून धुमस चालवलं. गवंडी म्हणाला, "आत्याबाई, छपराखाली माळवद कोन करतं का?"

"मी करते," त्या म्हणाल्या. "तू आपली माती दे."

काम झालं, खोली सारवून झाली, तेव्हा त्यांनी मला समोर पाठवलं. निरोप असा होता: गिरदावर साहेबांनी मौका पाहायला यावं.

मामंजी आले. खोकत आले, पण शेरवानी घालून आले. खोलीच्या मधोमध उभे राहिले. काठीने तुळयांमधलं अंतर मोजलं. एक किलचा टोकाने ठोकून पाहिली.

"हे काय आहे?"

"माळवद."

"आणि त्याच्या वर?"

"खालून दिसतंय का तुमाला?"

मामंजींनी वर नीट पाहिलं. "नाही."

"मंग कावून इचारता?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. खोलीला एक फेरी मारली, पुन्हा मधोमध आले. आत्याबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

"माळवद दस्तुराप्रमाणे आहे," मामंजी म्हणाले. "शर्त पुरी होते."

त्याच दुपारी मी खाट, घोंगडी आणि तांब्या गल्ली ओलांडून आणला. ते मामंजींचं शेवटचं स्थलांतर. खोकला चैत्रापर्यंत बरा झाला. माळवदाच्या वरच्या मोकळ्या जागेत आत्याबाईंनी लसूण, बियाणं आणि मिरचीची पोती ठेवली, शिडी लावून घेतली आणि रोज निदान एकदा तरी काहीतरी काढायला वर जाऊ लागल्या. गुडघ्यांचा विषय त्यांच्यापुढे काढायचा नाही, हे मी आणि मामंजींनी न बोलता ठरवून टाकलं.

पुढे एका संध्याकाळी मोठा पाऊस झाला. कौलांवर इतका आवाज होत होता, की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईना. मामंजी खाटेवर उताणे पडून वरच्या किलच्यांकडे पाहत होते. पाऊस जरा ओसरला तेव्हा ते आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गळत नाही."

"कोणाचं? तुमचं कौल का माझं माळवद?" आत्याबाईंनी चुलीपुढूनच विचारलं.

मामंजींनी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.